दमट हवेची फुलझाडं आणि आपलं अंगण



मंडळीतल्या भगिनी मला नेहमी विचारतात, की कोकणातून, गोव्यातून हौसेनं आणलेली फुलझाडं चिंचवडला आली की माना का टाकतात? या अंकातल्या पाठात तेच पाहू.

आपली हवा वर्षभर दमट नसते, हे पहिलं कारण. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७००. चाकण कोरड्या बाजूला झुकलेलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडेही ओल असते. मार्च ते मे मात्र पारा ४०च्या आसपास जातो आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी होते. म्हणजे एकाच झाडानं चार महिने भिजायचं आणि तीन महिने भाजायचं. हा फेरा ज्या झाडाला कंदाच्या पोटी काढता येतो, ते इथं तग धरतं. म्हणून अँथुरियमच्या महागड्या कुंडीपेक्षा मी आधी सोनटक्का सांगतो.

सोनटक्का हळद-आल्याच्या कुळातला. पूर्व हिमालयाच्या भागातून तो जगभर पसरला. क्यूबाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. मे अखेरीस किंवा पहिल्या पावसाला कंदाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन तरी डोळे असावेत. खोल पुरू नयेत. कंदाची पाठ मातीनं जेमतेम झाकली की पुरे. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडची भिंत उत्तम. पाणी भरपूर, पण साचलेलं नको. पावसाळ्याच्या उत्तरार्धात संध्याकाळी फुलं उमलतात आणि सारा जिना घमघमतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडाशी कापावा म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. एक मात्र लक्षात ठेवा : जास्तीचे कंद ओढ्याकाठी किंवा नदीकडेला टाकू नका. ब्राझील आणि हवाईत याच सोनटक्क्यानं ओलसर जागा व्यापून तिथल्या मूळच्या झाडांना हुसकावलं आहे.

पेव आपल्या सह्याद्रीतलाच. जिन्यासारखी वळत जाणारी पानं, लालसर कणीस आणि त्यातून डोकावणारी पांढरी, कागदासारखी फुलं. हिवाळा आला की तो पिवळा पडतो. झाड मेलं असं समजून इथंच बहुतेक जण कुंडी उपसतात, नाहीतर जास्त पाणी घालून कंद कुजवतात. पाणी थांबवा, कुंडी सावलीत सरकवा आणि जूनपर्यंत तिला विसरा.

कर्दळीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, ती फक्त ऊन आणि शेणखत मागते. जास्वंदीच्या कळ्या गळतात त्या बहुधा पाण्याच्या अनियमितपणानं. एक दिवस दोन बादल्या आणि मग आठवडाभर काही नाही, असं चालत नाही. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारावं, पानांच्या खालच्या बाजूलाही.

मातीचं काय? आपल्या सोसायट्यांच्या आवारात बऱ्याच ठिकाणी माती नसतेच. मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा असतो. हातभर खड्डा घेऊन तो बाहेर काढा आणि पोयटा, कुजलेलं शेणखत व नारळाचा भुसा समप्रमाणात भरा. उन्हाळ्यात वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या.

कळलावी दिसायला सगळ्यांत देखणी. ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांमुळे तिला अग्निशिखाही म्हणतात. पण तिच्या सर्वांगात विष आहे, कंदात तर फारच. तो कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि चुकून खाल्ला तर जीव जाऊ शकतो. घरात लहान मुलं असतील, वसतिगृह असेल, तर कळलावी लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं कडू. पावसाळी सहलीहून परतताना गाडीच्या डिकीतून सीतेची वेणी येते. आंब्या-जांभळाच्या फांदीवर वाढणारं हे ऑर्किड, लोंबता गुलाबी-पांढरा तुरा. आसामचं ते राज्यपुष्प. त्याचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फुलावर यायला वर्षं लागतात. फांदीवरून ओरबाडलेली वेणी आपल्या सिमेंटच्या गॅलरीत उन्हाळा काढत नाही. भीमाशंकर अभयारण्यातून तर कुठलंही झाड उपटणं गुन्हा आहे. शिवाय खेड-आंबेगावच्या पश्चिमेला राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचा हिरड्यासारखा आधार याच रानातून येतो. रान उघडं पडलं की पहिली झळ त्यांना बसते, आपल्या गॅलरीला नव्हे.

त्या गावांमधल्या बायकांना कंदाची जात, पालवीची वेळ, सावलीची जागा आपल्यापेक्षा जास्त कळते. म्हणून माझं सांगणं असं, की रानातला कंद कोणी विकायला आणला तर घेऊ नये. परसात वाढवलेला असेल तर घासाघीस न करता घ्यावा. सोनटक्का आणि कर्दळ यांना त्यासाठी हरितगृह लागत नाही, वीजही लागत नाही. एका गड्ड्याचे वर्षाकाठी तीन-चार सहज होतात. नवशिक्या मंडळींनी यंदा एवढ्यावरच थांबावं : सोनटक्क्याचे दोन गड्डे, कर्दळीचा एक. वळवाचा पाऊस झाला की लगेच खड्डे भरून ठेवा, कारण मृग लागल्यावर चिखलात ते काम होत नाही.