सत्र संपण्याआधीचा अभिप्राय

महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचा अभिप्राय बहुधा सत्राच्या अखेरीस घेतला जातो. परीक्षेचे अर्ज, सबमिशन आणि तोंडी परीक्षा यांच्या धांदलीत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गूगल फॉर्मची लिंक येते. मुले वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’वर बोट ठेवत सुटतात. त्याचे रंगीत आलेख महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लागतात. 2017च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आल्यापासून या कागदांची निगा अधिकच राखली जाते. शिकवण्यात मात्र त्यामुळे फारसा फरक पडत नाही. ज्यांनी अडचण सांगितली ती मुले पुढच्या वर्गात गेलेली असतात, आणि पाचपैकी सव्वाचार गुण मिळाले एवढ्यावरून उद्याच्या तासाला काय वेगळे करायचे हे कोणालाच उमगत नाही.

अशा गुणांवर किती विसंबावे, हाही प्रश्नच आहे. 1970 मध्ये अमेरिकेत ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका नटाला तज्ज्ञ म्हणून व्याख्यानाला उभे केले गेले. विषय होता वैद्यकीय शिक्षणातला गणिती खेळ-सिद्धान्त. नटाला त्यातले काही येत नव्हते. व्याख्यान मुद्दाम परस्परविरोधी विधानांनी भरलेले, पण ढंगदार आणि विनोदी होते. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातले लोक. तरीही त्यांनी भरघोस पसंती दिली. वर्ग हसता ठेवणाऱ्या प्राध्यापकाला गुण जास्त पडतात, हे स्टाफरूममध्ये कोणाला सांगावे लागत नाही.

उपयोगी पडतो तो सत्राच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात मागितलेला, एकाच प्रश्नाचा, बिननावाचा अभिप्राय. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर तास संपताना विद्यार्थ्यांना विचारत, की आजच्या व्याख्यानात सर्वांत धूसर काय राहिले. ‘शिकवणे आवडले का?’ या प्रश्नाला मराठी मुलगा भिडेखातर ‘हो सर’च म्हणणार. ‘कुठे अडले?’ असे विचारले की तो शिक्षकाविषयी नव्हे, विषयाविषयी बोलतो आणि मोकळा होतो. वहीचे अर्धे पान फाडून घ्यावे, पाच मिनिटे द्यावीत आणि चिठ्ठ्या एखाद्या विद्यार्थ्यानेच गोळा कराव्यात. छोट्या वर्गात शिक्षक हस्ताक्षर ओळखतो आणि मुलांना ते ठाऊक असते. तिथे मोबाइलवरचा निनावी फॉर्म बरा.

प्रमाण विचलन शिकवून झाल्यावर आलेल्या चिठ्ठ्या साधारण अशा असतात: ‘वर्ग का करायचा?’, ‘मग वर्गमूळ का काढायचे?’, ‘खाली एन की एन वजा एक?’, ‘उतरवून होण्याआधी फळा पुसता’, ‘शेवटच्या बाकावरून खालच्या दोन ओळी दिसत नाहीत’, ‘इंग्रजीत सांगितल्यावर एकदा मराठीत सांगा’. पहिल्या तिन्हींवरून विषय नेमका कुठे निसटला ते दिसते, आणि पुढच्या तासाची दहा मिनिटे तिथे घालावीच लागतात. फळ्याच्या तक्रारी त्याच दिवशी मिटतात. मराठीची मागणी सर्वांत मोलाची, आणि तीच बहुधा हसण्यावारी नेली जाते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षी गणिताआधी भाषेशी झगडत असतो.

चिठ्ठ्या घरी नेऊन एकट्याने वाचल्या की एखादे बोचरे वाक्य रात्रभर डोक्यात राहते आणि बाकीचे सगळे पुसले जाते. म्हणून त्यांचे विषयवार गठ्ठे करावेत. एकच गाऱ्हाणे अनेकांनी मांडले असेल तर ते खरे धरून चालावे. निम्मे ‘वेग जास्त’ आणि निम्मे ‘वेग कमी’ म्हणत असतील, तर वेग बदलून भागत नाही. जादा उदाहरणांचा कागद वेगळा काढावा लागतो.

पुढच्या तासाच्या सुरुवातीला काय आले, त्यातले काय बदलणार आणि काय नाही, तेही कारणासह सांगावे. हे टाळले की दुसऱ्या खेपेला निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या येतात. मात्र कोणी लिहिले याचा सुगावा लावू नये, गमतीनेसुद्धा नाही. वर्ग ते वर्षभर विसरत नाही.

शिकवलेला आशय अद्ययावत आहे का, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी योग्य आहे का, हे विद्यार्थ्यांना ठरवता येत नाही. त्यासाठी विषयाच्या सहकाऱ्याला एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसवावे आणि चाचणीच्या उत्तरपत्रिकांत कोणती चूक पुन्हा पुन्हा येते ते त्याच्यासोबत पाहावे.