पेरण्याआधी बियाणं ओळख

मूर्तिजापूर,
रोहिणी नक्षत्र

चि. बेटा,



दर्यापूरकडचं वावर यंदा तू स्वतः पेरणार, असं तुझ्या बाबानं फोनवर सांगितलं. ऐकून फार समाधान वाटलं. कोणत्या कंपनीचं बियाणं घेऊ, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देईनच, पण त्याआधी बी म्हणजे काय हे तुझ्या मनात पक्कं बसलं पाहिजे. पेरणीच्या त्या पंधरा-वीस दिवसांत कोणी म्हणेल टाकून दे, कोणी म्हणेल थांब. शेजारच्या धुऱ्यावर ट्रॅक्टर फिरताना दिसला की जीव खालीवर होतो. अशा वेळी बियाच्या आत काय चाललंय हे ज्याला ठाऊक असतं, त्याचाच निर्णय स्वतःचा असतो.

पोत्यातला सोयाबीनचा दाणा जिवंत आहे. तो श्वास घेतो, फक्त फार सावकाश. त्याच्या आत एक पूर्ण रोप दुमडून ठेवलेलं असतं: मुळाचं टोक, खोडाचा कोंब आणि दोन जाड दलं. त्या दलांत पहिल्या आठवड्याची शिदोरी भरलेली असते. सोयाबीनच्या शिदोरीत सुमारे 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल असतं. तेल लवकर खवट होतं, म्हणून सोयाबीन लवकर म्हातारं होतं. ज्वारीचं बी नीट वाळवून ठेवलं तर पुढच्या हंगामातही बऱ्यापैकी साथ देतं, पण दोन वर्षांच्या सोयाबीनचा भरवसा धरू नये. त्यात त्याची साल पातळ आणि मूळ-कोंबाचा भाग अगदी सालीलगत. पोतं ट्रकवरून आपटलं की दाणा वरून धडधाकट दिसतो, पण आत मोडलेला असतो. म्हणून सोयाबीनची पोती फेकू द्यायची नाहीत, सातांपेक्षा जास्त थप्पी लावायची नाही आणि खाली लाकडी फळ्या हव्यात. बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच होतं, असा बीजशास्त्रातला ढोबळ नियम आहे. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मग टिनाच्या खोलीत ठेवलेल्या बियाण्याचं काय होत असेल, याचा तूच विचार कर.

बियाण्याचं नशीब मात्र त्याच्याही बरंच आधी ठरतं, ज्या झाडावर ते धरलं त्या झाडावर. फुलातल्या स्त्रीकेसरावर परागकण पडतो, त्याची नळी खाली बीजांडापर्यंत जाते आणि तिच्यातून दोन नरपेशी उतरतात. एकीपासून गर्भ तयार होतो, दुसरीपासून त्या गर्भाचं अन्न. ज्वारीत हे अन्न पिठासारखं शेवटपर्यंत शिल्लक राहतं. सोयाबीन, तूर, हरभऱ्यात ते दाणा पिकण्याआधीच दलांत शोषलं जातं, म्हणून त्यांची डाळ होते आणि ज्वारीची होत नाही. दाणा भरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात पावसानं मोठा खंड दिला, तर शेंगा चपट्या राहतात. आणि दाणा पिकल्यावर शेंगेतच पावसात भिजला, तर दिसायला दाणा राहतो, पण बी म्हणून तो संपतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस आठव. काढणीला आलेलं सोयाबीन वावरात भिजलं आणि 2020 च्या खरिपात महाराष्ट्रभर सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारींचा ढीग पडला. जूनमध्ये दिसलेल्या त्या नुकसानीची सुरुवात आदल्या वर्षीच्या शेंगेत झाली होती.

आता तुझा प्रश्न. सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच, बंद कळीत, स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळे त्याचं बी आईसारखंच निघतं. चांगलं प्रमाणित बियाणं एकदा आणलंस की दोन-तीन वर्षं घरचं राखून पेरता येतं. त्यानंतर नवं आणावं. मळणीत ड्रमचे फेरे कमी, मिनिटाला चारशेच्या आसपास ठेवायला सांग, आणि बियाण्याचा ढीग वेगळा कर. तुरीचं तसं नाही. तिच्या फुलावर मधमाश्या बसतात आणि शेजारच्या वाणाचा पराग आणतात. तुरीचं बी राखायचं असेल तर वावराच्या मधल्या पट्ट्यातलं राख, धुऱ्याकडचं नको.

पऱ्हाटीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या वऱ्हाडाचं सगळं आयुष्य तिच्यावर गेलं. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला अमरावतीवरूनच ‘उमरा’ म्हणत. तो कापूस नेमका काय आहे, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. ते सरकीच्या सालीवर उगवलेले केस आहेत. एकेक धागा म्हणजे एकच पेशी, लांबत गेलेली. फूल सकाळी पिवळसर पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि त्याच सुमारास सरकीच्या सालीवरच्या या पेशी वाढू लागतात. तीन-साडेतीन आठवडे लांबी वाढते, मग आतून भिंत जाड होत जाते आणि बोंड फुटतं. म्हणजे आपण कापूस म्हणून विकतो ते बियाचं पांघरूण, आणि ढेप म्हणून म्हशीला घालतो ती त्या बियाची शिदोरी. माझ्या वडिलांच्या वेळी पेरण्याआधी सरकी शेणमातीच्या काल्यात चोळत, म्हणजे तिची लव चिकटून बसे आणि ती सरत्यातून सुटी पडे. आता ॲसिडनं लव काढलेली सरकी पाकिटात येते.

पण पाकिटातल्या त्या सरकीचं बी पुढच्या वर्षी धरायचं नाही. संकरित कपाशी दोन वेगळ्या आईबापांची असते. संध्याकाळी कळीतले पुंकेसर हातानं खुडायचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्या फुलाला लावायचा, असं एकेक बोंड तयार होतं. या कामात बहुतेक बायाच असतात आणि त्यांच्या बोटांचं कौशल्य फार मोठं आहे. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी काढलेला एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. पुढे आपल्या अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-2 वऱ्हाडभर गेला आणि 2002 नंतर बीटी कपाशी आली. अशा संकराची सरकी पेरलीस तर दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात, एक झाड उंच, एक खुजं, आणि बीटीचा गुणही सगळ्या झाडांत येत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर सोयाबीनमध्ये वाचव, कपाशीत नको.

आता मिरगाचं बोलू. बी जमिनीत पडलं की आधी पाणी ओढतं. ज्वारीला स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाएवढं पाणी पुरतं, सोयाबीनला निम्म्याच्या आसपास लागतं. म्हणून ज्या ओलीवर ज्वारी निघते त्या ओलीवर सोयाबीन अडून बसतं. हे फुगणं म्हणजे उगवणं नव्हे. मेलेला दाणाही पाण्यात तितकाच फुगतो. जिवंत दाण्यात त्यानंतर आतली रसायनं कामाला लागतात, दलातलं अन्न विरघळतं, श्वास वाढतो आणि पहिलं बाहेर येतं ते मूळ.

बेटा, सगळ्या पत्रात हे एक वाक्य लक्षात ठेव: मूळ बाहेर येईपर्यंत बी परत कोरडं होऊन जिवंत राहू शकतं, मूळ बाहेर आलं की माघार नाही. दुबार पेरणीचं दुःख इथेच आहे. एक सर येते, बी फुगतं, मूळ काढतं, मग आठ दिवस ऊन पडतं आणि सगळं वावर जमिनीतच मरतं. कोरड्या मातीत टाकलेली धूळपेरणीची सरकी पावसाची वाट बघत तग धरते. तिला मारतो तो अर्धवट पाऊस. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय तिफण काढू नकोस, मग शेजाऱ्याची पेरणी उरकलेली का असेना. तुझं वावर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं आहे. तिथल्या मातीतलं मीठ पाणी धरून ठेवतं, बियाला लवकर सोडत नाही, आणि विहिरीचं पाणी खारं असल्यानं ओलिताचा आधारही नाही. तिथे घाई दुप्पट महाग पडते.

खोलीचंही तसंच कारण आहे. सोयाबीनचा कोंब मान वाकवून वर येतो आणि आपली दोन्ही दलं मातीतून ओढून काढतो. आपल्या काळ्या मातीवर जोराच्या पावसानंतर पापुद्रा धरतो. त्याखाली ही मान अडकली की तुटते. म्हणून तीन-चार सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ देऊ नको, आणि पेरल्यावर लगेच जोराचा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला तर हलक्या हातानं तो फोडून घे. तुरीची दलं मात्र जमिनीतच राहतात, वर फक्त कोंब येतो. तुरीचा शेंडा मोडला तर ती खालून पुन्हा फुटू शकते. सोयाबीनची मान गेली की झाड गेलं, तिथे खांडण्या भराव्याच लागतात.

पेरण्याआधी बीजप्रक्रिया कर, आधी बुरशीनाशक आणि अगदी शेवटी रायझोबियम, सावलीत वाळवून. तीन-चार आठवड्यांनी एखादं रोप मातीसकट उपट आणि मुळावरची गाठ नखानं फोडून बघ. आतून गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र धरते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या द्रव्याचा असतो. पहिल्यांदा बघशील तेव्हा तुला नवल वाटेल.

बियाणं घेताना पक्कं बिल घे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. पिशवी खालून फोड, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतात, आणि मूठभर दाणे तिच्यातच राहू दे. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या समितीपुढे दाखवायला हेच लागतं. महाबीजचं, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाचं, मुख्यालय अकोल्यातच आहे, 1976 पासूनचं. पंजाबराव कृषी विद्यापीठ 1969 पासून आपल्या दारात आहे आणि सोयाबीनवर काम करणारं त्यांचं केंद्र अमरावतीला आहे. ज्या पंजाबरावांचं नाव विद्यापीठाला दिलं ते आपल्याच पापळचे, शेतकऱ्याच्या घरचे, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. विद्यापीठाची शिवारफेरी पावसाळा सरताना भरते. तेव्हा मी येतो, दोघं जाऊ. एकाच वावरात शेजारी शेजारी उभे वाण बघितल्याशिवाय वाणाबद्दल मत करू नये, हे माझं ठाम मत आहे.

त्याआधी एक काम आजच कर. घरच्या सोयाबीनच्या प्रत्येक ढिगातून, वरून, मधून आणि तळातून मिळून शंभर दाणे घे, चाळणीतले निवडक नको. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांड, गुंडाळी कर, सावलीत ठेव आणि पाणी शिंपडत राहा. सातव्या दिवशी उघड. ज्यांना मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तेच मोज. फुगलेले, सडलेले, मान मोडलेले मोजू नको. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलो पुरे. साठ निघाले तर पस्तीस किलो धर. त्याहून खाली आले तर तो ढीग बाजारात वीक आणि दुसरं बियाणं बघ. प्रत्येक ढिगाचा आकडा वेगळा लिहून ठेव आणि मिरगाच्या आत मला फोनवर कळव.

तुझे,
मोठेबाबा