मुलं एका वर्षात ढ आणि पुढच्या वर्षी हुशार?

प्रश्न : माझा थोरला २०१९ मध्ये दहावी झाला, धाकटी यंदा बसते आहे. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९ टक्के होता, थोरल्याच्या वर्षी ७७ आणि लगेच पुढच्या वर्षी ९५! मुलं आधी ढ झाली आणि मग एकदम हुशार, हे कसं? दहावीत गुण खरंच वाटतात का?
— एक पालक, सातारा

उत्तर : मुलं होती तशीच होती. बदलले ते वीस गुण.

तुमचे आकडे बरोबर आहेत. राज्य मंडळाचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. तुमच्या मुलाच्या वर्षी मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे तोंडी परीक्षेचे, शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले आणि शंभरच्या शंभर गुणांची लेखी परीक्षा घेतली. अभ्यासक्रमही नवा होता, भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली होती. त्यामुळे सगळी घसरण या वीस गुणांच्याच नावावर टाकणं अन्यायाचं होईल. पण निकाल लागल्यावर ओरड झाली ती याच गुणांसाठी. इतर मंडळांच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशयादीत आमची मुलं मागे पडतात, ही पालकांची तक्रार खोटी नव्हती. त्याच वर्षी सरकारने पुढच्या परीक्षेसाठी हे गुण परत दिले.

हे वीस गुण काय करतात ते पाहा. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि तोंडी मिळून ३५ लागतात. शाळेने २० पैकी १८ दिले, तर ८० गुणांच्या पेपरात १७ मिळवले की मुलगा पास. म्हणजे पेपरातला जेमतेम पाचवा हिस्सा आला तरी भागतं. आणि १८ देताना बाईंचा हात का आखडावा? मुलं त्यांचीच, वर्ग त्यांचा, आणि शाळेचा निकाल घसरला तर मुख्याध्यापकांच्या खोलीत जाब त्यांनाच द्यायचा. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काही केलं नसतं.

वरच्या टोकाला वेगळी गंमत आहे. सहा विषयांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय सोडून उरलेल्या पाचांची टक्केवारी काढायची, हे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ २०१० मध्ये आलं. कारण पुन्हा तेच, आयसीएसई मंडळाच्या मुलांशी बरोबरी. त्याआधी २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं होतं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’सुद्धा उच्च न्यायालयाने रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयात ते तरलं. त्यात खेळाचे आणि कलेचे सवलतीचे गुण मिळवा. तेव्हा शंभर टक्के म्हणजे एकही गुण गेला नाही, असं समजू नका. २०१९ मध्ये असे शंभर टक्केवाले राज्यात २० होते, २०२० मध्ये २४२.

२०२१ ची गोष्ट निराळी. करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीचं शाळेतलं मूल्यमापन यांवर गुण दिले आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. अकरावीसाठी सीईटी घेण्याचा बेत होता, तोही न्यायालयाने रद्द केला.

मग शाळेचे गुण बंदच करावेत का? मला तसं वाटत नाही. लिहिताना अडखळणारी पण सुरेख बोलणारी मुलगी तोंडी परीक्षेतच दिसते. पण तिला १९ आणि तोंड न उघडणाऱ्यालाही १८, असं झालं की ती पुन्हा दिसेनाशी होते. आणि सढळ गुणांनी गरिबाचं भलं होतं असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. दहावी-बारावीच्या गुणांवरचा विश्वास जसजसा उडत गेला, तसतसा निवडीचा अधिकार जेईई, नीट आणि सीईटी या प्रवेश परीक्षांकडे गेला. बोर्डाची परीक्षा शाळेच्या फीमध्ये व्हायची. या परीक्षांच्या तयारीसाठी क्लासची फी लागते, ती लातूरला भरा नाहीतर कोटाला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलीकडे बोर्डाच्या गुणांखेरीज दाखवायला काही नव्हतं, तिचेच गुण स्वस्त झाले.

राज्य मंडळाने एकट्याने कडक होऊन भागत नाही, हे २०१९ ने दाखवलं. सगळ्या मंडळांनी एकदम हात आखडला पाहिजे, किंवा तोंडी परीक्षा तरी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी घेतली पाहिजे. यांपैकी काहीही लगेच होईल अशी आशा नाही. तोवर तुम्ही एक करा. धाकटीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका शाळेतून पाहायला मागा आणि ८० पैकी किती मिळाले तेवढंच बघा. गणितात तिथे तीसच असतील, तर टक्केवारी काहीही लागो, अकरावी सायन्सचा फॉर्म भरण्याआधी तिच्याशी बसून बोला.