डब्याचा पासवर्ड कोणाकडे?

आईबाबा, एक विचारू? घरातल्या वायफायचा पासवर्ड तुम्ही झोपेतही सांगाल. पण तो वायफायचा डबा, म्हणजे राउटर, ज्या पासवर्डने आतून उघडतो तो कोणाला ठाऊक आहे? हा प्रश्न विचारला की बहुतेक घरांत बाबा आईकडे बघतात, आई बाबांकडे, आणि मग दोघं मिळून मुलाकडे. कधी कधी मुलाला तो खरंच ठाऊक असतो!

नवं कनेक्शन घेतलं तेव्हाचं आठवा. केबलवाल्याचा पोरगा आला, खिडकीच्या चौकटीला ड्रिलने भोक पाडलं, वायर आत ओढली, टीव्हीच्या मागे जागा सापडली तिथे डबा ठेवला. ‘‘काकू, पासवर्ड काय ठेवू?’’ काकूंचे हात कणकेत. ‘‘ठेव रे तुला हवा तो.’’ त्याने तुमचाच मोबाइल नंबर टाकला आणि सही घेऊन शेजारच्या इमारतीत गेला. त्याला बोल लावायचा नाही, त्याचं काम त्याने केलं. पण शाळेची रिक्षा ठरवताना आपण रिक्षावाल्या काकांची जेवढी चौकशी करतो, तेवढी या डब्याची करत नाही.

तर आधी डबा उघडायचा कसा ते बघू. तो उलटा करा. खाली स्टिकर असतो, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा काहीसा आकडा असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाकला की राउटरचं स्वतःचं पान उघडतं. तिथे मागितलेलं नाव आणि पासवर्ड पुष्कळ डब्यांवर दोन्हीकडे ‘ॲडमिन’च असतं, आणि त्या मॉडेलच्या हजारो घरांत तेच असतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने नेमका याचाच फायदा घेतला. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर त्याने जगभर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. ब्रिटनने असे सरसकट पासवर्ड असलेली उपकरणं विकायलाच एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? पहिलं काम हेच, हा पासवर्ड बदला. काही कंपन्या हे पान ग्राहकाला पूर्ण उघडून देत नाहीत, त्यांचं ॲप असतं. तिथे अडलात तर केबलवाल्याला बोलवा, पण या वेळी त्याच्या शेजारी बसा.

दुसरं काम वायफायच्या पासवर्डचं. मोबाइल नंबर नको, फ्लॅट नंबर नको, मुलाची जन्मतारीख तर नकोच. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ दिसलं तर ते निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडायची सोय बंद ठेवा. हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर एक घटना सांगते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना गेलेला ईमेल नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला त्याचा पत्ताही नव्हता, त्याचं कनेक्शन दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. पोलीस मात्र आधी त्याच्या दारात पोचले. म्हणून पाहुण्यांना, शेजारच्या पोरांना, स्वस्तातल्या कॅमेऱ्याला ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय द्या. बहुतेक नव्या राउटरमध्ये ती सोय असते.

डबा कुठे ठेवायचा? हॉलमध्ये, उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतींपलीकडे बऱ्यापैकी पोचतं. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. मुलाच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून डबाच तिकडे हलवू नका. डबा हॉलमध्ये असला की तो सगळ्यांचा असतो.

आता खरं बोलायचंय ते इथून पुढे. राउटरच्या पानावर ‘पेरेंटल कंट्रोल’ असतं. कोणत्या फोनला किती वाजेपर्यंत इंटरनेट द्यायचं ते तिथे ठरवता येतं. नको त्या साइट अडवायला डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या, रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरचे आकडे टाकता येतात. ही सेवा २०२० पासून फुकट आहे आणि ती अश्लील व धोकादायक साइटची नावंच उघडू देत नाही. लहान मुलं असलेल्या घरात हे जरूर करा.

पण चौदा-पंधराच्या मुलाच्या नकळत हे करू नका. एका संध्याकाळीत त्याला कळतं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं, ते बदललं की तुमचे आकडे बाजूला पडतात. राउटरच्या अटकावाला वळसा घालणारं व्हीपीएन आहे. नवे फोन प्रत्येक वायफायला आपली वेगळीच खोटी ओळख दाखवतात, सेटिंगमधून ती बदलली की राउटरला तो नवाच फोन वाटतो आणि तुमचं वेळापत्रक जुन्या नावावर पडून राहतं. आणि यातलं काहीच नाही जमलं तरी खिशात रोजच्या दीड जीबीचा रिचार्ज असतोच! मोबाइल डेटा तुमच्या डब्यातून जात नाही.

राउटरच्या नोंदी चाळून मुलाला पकडायचा नादही सोडा. हल्ली जवळपास सगळ्या साइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. नोंदीत फार तर यूट्यूब उघडलं होतं एवढं दिसतं, त्याने काय बघितलं ते दिसत नाही. मग एवढ्याशा माहितीवर आपण रात्री अकराला उलटतपासणी सुरू करतो, आणि पुढच्या वेळी खरंच काही घडलं, कोणी फोटो मागितला, धमकी दिली, तर मूल आपल्याकडे येत नाही.

मग वेळापत्रक नकोच का? हवं, पण घराचं. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही-मोबाइल बंद. मला त्यात आवडली ती एक गोष्ट, भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. पोरं पुस्तक उघडतात तेव्हा आई मालिका बघत नसते आणि बाबा रील सरकवत नसतात. आपल्या राउटरला हे भोंग्याशिवाय जमतं. पूर्ण वायफाय ठरल्या वेळी बंद होण्याची सोय पुष्कळ डब्यांत आहे. जेवणाची वेळ निवडा. बाबांचा अमेरिकेचा कॉल असेल तर तो दिवस सगळ्यांना सांगून वगळा. दहावीच्या दादाला रात्री लेक्चर बघायचं असेल तर त्याला उशिरापर्यंत द्या, सहावीतली ताई रुसेल, तिला कारण सांगा. कारण सांगता न येणारी वेळ लावूच नका.

हे सेटिंग मुलाच्या हाताने करून घ्या. स्टिकर त्याला वाचू दे, पान त्याला उघडू दे, वेळ तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. नवा ॲडमिन पासवर्ड तुम्ही टाका आणि डायरीत लिहा, फ्रिजवर नव्हे. वर्षातून दोनदा त्याच पानावर जाऊन फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, जोडलेल्या फोनची यादी बघा, अनोळखी नाव दिसलं तर काढून टाका. आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करायचा, संकटातल्या मुलासाठी १०९८ आहे, हेही त्याला त्याच बैठकीत सांगा.

रविवारी दुपारी जेवणं झाली की बसा. अर्ध्या तासाचं काम आहे.