शेतातून सुरतमार्गे येवल्याच्या मागावर



लग्नकार्यात आई-आजीच्या अंगावर पैठणी तुम्ही पाहिलीच असेल. ही साडी शेतकरी आणि कारागीर अशा अनेकांच्या हातांतून तयार होते, आणि त्यांतले काही हात आपल्या सुरतेतले आहेत.

शेत : रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खातात. सुमारे २५ दिवसांत त्या पूर्ण वाढतात व स्वतःभोवती कोष विणतात. कोष गरम पाण्यात टाकून त्यांचा धागा उकलतात. येवल्याला पुष्कळ रेशीम कर्नाटकातून येते. आता जालना, बीडकडील शेतकरीही तुती लावतात.

सुरत : आपले शहर जरीसाठी प्रसिद्ध आहे. अस्सल जरीसाठी चांदीची तार बारीक छिद्रांतून पुन्हा पुन्हा ओढून केसासारखी करतात. ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि सोन्याचा मुलामा देतात. चांदी महाग म्हणून आज तांब्याची व प्लॅस्टिकची जरीही बरीच खपते.

माग : पैठणीचे मूळ गाव गोदाकाठचे पैठण, आज तिचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला आहे. पदरावरचे मोर, मुनिया, वेलबुट्टी विणकर रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी हाताने भरतो. भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात.

यंत्रमागावर तशीच दिसणारी साडी थोड्या वेळात निघते. ती स्वस्त असते आणि ती घेण्यात काही गैर नाही. आपल्या शहरातील कितीतरी घरे यंत्रमागावरच चालतात. मात्र ती 'हातमागाची' म्हणून विकली, तर ग्राहक फसतो आणि विणकराची मजुरी बुडते. मजुरी सुटली नाही, तर त्याची मुले मागावर कशाला बसतील?

ओळख सोपी आहे. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पदरावर नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. पालकांनी खरेदीच्या वेळी एवढे जरूर पाहावे.

उपक्रम : घरी पैठणी असल्यास मोठ्यांना विचारून तिचा पदर दोन्ही बाजूंनी पाहा. ती कोठून, कधी घेतली ते आजीला विचारा आणि दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.