अखेरचे वृत्त हाती आले तेव्हा

‘ड्युईंकडून ट्रूमन पराभूत.’ ३ नोव्हेंबर १९४८च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा हा मथळा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला आहे. प्रत्यक्षात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत ट्रूमन रिपब्लिकन पक्षाच्या ड्युईंना हरवून ३०३ विरुद्ध १८९ अशा प्रतिनिधी-मतांनी निवडून आले होते. हे पान पाहून सगळे हसतात. मीही हसतो, पण मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाच्या हसण्यात थोडी धाकधूक असतेच. त्या एका दिवसाचे मथळे आणि आमच्या टेबलावरचे अनुभव शेजारी ठेवले, तेव्हा जे हाती लागलं ते असं.

१. मथळा कुणी दिला हे नंतर विचारावं, आधी पान किती वाजता सोडलं ते विचारावं.

‘ट्रिब्यून’चे जुळारी कामगार संघटनांना वेसण घालणाऱ्या टाफ्ट-हार्टली कायद्याच्या निषेधार्थ जवळपास वर्षभर संपावर होते. त्यामुळे मजकूर टाइपरायटरवर टंकायचा, त्याचे फोटो काढायचे आणि त्यावरून छपाईचे ब्लॉक करायचे, असा द्राविडी प्राणायाम चालला होता. यात तासन् तास जात, म्हणून पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा खूप आधी सोडावी लागे. मंगळवारी मतदान होतं आणि पान मागितलं गेलं तेव्हा मोजणीने धड अंगही धरलं नव्हतं.

आमच्याकडे हे भोग डाक आवृत्तीच्या नशिबी. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवतोय, पाळीप्रमुख घड्याळ आणि आपल्याकडे आळीपाळीने बघतोय, आणि तिकडे सामन्याची पंधरा षटकं बाकी. अशा वेळी मराठी उपसंपादकाच्या हाकेला एकच वाक्य धावून येतं: ‘अखेरचे वृत्त हाती आले तेव्हा मतमोजणी सुरू होती.’ या वाक्याने जितक्या नोकऱ्या वाचवल्या तितक्या कुठल्या युनियननेही वाचवल्या नसतील. शिकागोच्या टेबलावर एखादा सोलापूरकर किंवा सातारकर बसलेला असता, तर ट्रूमन यांची पुढची करमणूक हुकली असती.

२. ज्याचं पाचपैकी चार वेळा खरं ठरतं, तो माणूस सर्वांत धोकादायक.

कायम चुकणाऱ्याचं कुणी ऐकतच नाही. ‘ट्रिब्यून’चे वॉशिंग्टनचे बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग यांचा मागच्या पाच निवडणुकांतला अंदाज चार वेळा बरोबर आला होता. व्यवस्थापकीय संपादक मलोनी यांना तेवढं पुरलं. ड्युई येणार, असं हेनिंग म्हणाले आणि ड्युई छापले गेले. त्यातून मालक कर्नल मॅकॉर्मिक यांना ट्रूमन यांच्या पक्षाचं तोंड पाहायचं नव्हतं. मालकाच्या मनात असलेली बातमी फारशी तपासली जात नाही, हे मी कुठल्याही कचेरीचं नाव न घेता सांगू शकतो. आणि तळहातावर तंबाखू मळत ‘लिहून घे, नगरमधून हाच येतो’ म्हणणारा एक हेनिंग प्रत्येक दैनिकात असतो. त्याचं ऐकावं, चहाही पाजावा. मथळा मात्र देऊ नये.

३. सगळ्यांचं एकमत झालं की कान टवकारावेत.

‘न्यूजवीक’ने पन्नास राजकीय पत्रकारांना विचारलं होतं आणि पन्नासच्या पन्नास जण ड्युई म्हणाले होते. मतचाचणीवाले एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरातच दुकान आवरतं घेतलं, आता विचारायचं काय राहिलंय म्हणून. गॅलप यांनीही शेवटच्या दिवसांत विचारपूस थांबवली. इकडे ट्रूमन आगगाडीने हजारो मैल हिंडत होते, डब्याच्या मागच्या सज्जात उभं राहून गावोगाव बोलत होते, आणि लोक रुळांच्या कडेला गर्दी करत होते. गंमत अशी की पत्रकार त्याच गाडीत होते. त्यांनी गर्दी डोळ्यांनी पाहिली आणि तरी ड्युईच लिहिलं. आपल्याकडचे बातमीदार अशा वेळी काय म्हणतात ते ठाऊक आहे: ‘सभेला गर्दी होते हो, मतं पडत नाहीत.’ बहुतेकदा ते खरंही असतं. म्हणूनच ते महागात पडतं.

४. मोठ्या मथळ्याखालचा बारका मथळाही वाचावा.

ही माझी लाडकी जागा आहे. ‘ट्रूमन पराभूत’च्या जोडीला त्याच पानावर आणखी एक मथळा होता: इलिनॉय राज्यात रिपब्लिकनांची सरशी होण्याची चिन्हं. आता अमेरिकेभरचा निकाल चुकला तर समजू शकतो. देश मोठा, तारा लांबच्या. पण इलिनॉय म्हणजे त्यांचं अंगण! तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन पाच लाखांहून जास्त मताधिक्याने गव्हर्नर झाले आणि सिनेटची जागाही त्याच पक्षाच्या पॉल डग्लस यांनी घेतली. राष्ट्राध्यक्षपदासाठीही इलिनॉयने ट्रूमन यांनाच निवडलं, निसटतं का होईना. पण या दुसऱ्या मथळ्यावर कुणी हसत नाही. मोठी चूक केली की लहान चुका आपोआप माफ होतात, हा आमच्या धंद्यातला जुना दिलासा आहे.

५. उद्याचा लेख आज लिहावा, पण आज पाठवू नये.

त्याच बुधवारी स्तंभलेखक ड्रू पिअरसन यांच्या वाचकांना ड्युईंसोबत व्हाइट हाउसमध्ये जाणाऱ्या मंडळींची ओळख करून देण्यात आली. ऑलसॉप बंधू या स्तंभलेखक जोडीला वेगळीच काळजी होती: मावळते ट्रूमन आणि येणारे ड्युई यांच्या मधल्या आठवड्यांत देशाचं कसं निभायचं? मजकूर आधीच रवाना झाला होता, निकालाला त्याची कल्पना नव्हती.

या प्रकाराला आपण कमी लेखू नये. १९७९च्या मार्चमध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, श्रद्धांजली वाहिली गेली, सभागृह तहकूब झालं. जयप्रकाश गेले ते ऑक्टोबरात. मान्यवरांचे मृत्युलेख प्रत्येक दैनिकाच्या खणात तयार असतात. त्या खणाची किल्ली उतावळ्या माणसाकडे देऊ नये, एवढंच.

६. ताक पिऊन झोपावं.

निकालाच्या रात्री ट्रूमन मिसुरीतल्या एक्सेल्सियर स्प्रिंग्ज गावी गेले, वाफेचं स्नान केलं, सँडविच खाल्लं, ताक प्यायले आणि लवकर आडवे झाले. मध्यरात्री जाग आली तेव्हा रेडिओवर एच. व्ही. काल्टेनबॉर्न सांगत होते की ट्रूमन बारा लाख मतांनी पुढे आहेत, पण हरणार हे नक्की. ट्रूमन पुन्हा झोपले. पहाटे अंगरक्षकांनी उठवलं तोवर आघाडी वीस लाखांवर गेली होती आणि काल्टेनबॉर्न आपल्या मतावर ठाम होते. पुढे जानेवारीत एका मेजवानीत राष्ट्राध्यक्षांनी त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली.

७. शिळा अंक जपून ठेवणारा कुणीतरी असतोच.

चुकीचा अंक सुमारे दीड लाख प्रतींचा होता. त्यातली एक ४ नोव्हेंबरला सेंट लुईसच्या स्थानकावर, वॉशिंग्टनला परतणाऱ्या ट्रूमन यांच्या हाती पडली. छायाचित्रकार समोरच होते, आणि ट्रूमन यांनी अंक दोन्ही हातांनी उंच धरला.

‘ट्रिब्यून’नेही पुढे खिलाडूपणा दाखवायचं ठरवलं. त्या निवडणुकीला पंचवीस वर्षं होतील तेव्हा त्या पानाची प्रतिकृती असलेलं मानचिन्ह ट्रूमन यांना भेट द्यायचं, असा बेत होता. पण २६ डिसेंबर १९७२ रोजी ट्रूमन वारले. १९४८ साली घाई नडलेल्या दैनिकाला या खेपेला उशीर झाला.