कांदळवनाची पुनर्स्थापना : आधी पाणी, मग रोप

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पूर्वेस ठाण्याची खाडी असून पश्चिमेस गोराई, मनोरी, मालाड व वर्सोवा येथील खाड्या आहेत. मुलुंड, भांडुप, घाटकोपरपासून बोरिवली व अंधेरीपर्यंत या खाड्यांच्या काठी खारफुटीचे जे रान दिसते, त्यास कांदळवन म्हणतात. पूर्वी हे रान निरुपयोगी दलदल समजले जात असे. आज त्याचे मोल कळू लागले आहे. ठाणे खाडीतील ऐरोली व वाशी पुलांदरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. तथापि नष्ट झालेले कांदळवन पुन्हा उभे कसे करावे, याविषयी अनेक गैरसमज आढळतात. ‘रोपे लावली की रान तयार होते’ हा त्यांतील सर्वांत मोठा. प्रस्तुत लेखात या कामाचा योग्य क्रम सांगण्याचा उद्देश आहे.

जमिनीचा स्वभाव

खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते व पाणी खारट असते. अशा जमिनीत वाढण्यासाठी या वनस्पतींनी निरनिराळे उपाय योजले आहेत. तिवराची मुळे चिखलातून खुंटासारखी वर येऊन श्वास घेतात व जादा मीठ त्याच्या पानांवाटे बाहेर पडते. कांदळास कमानीसारखी आधारमुळे असतात. त्याचे बी झाडावरच रुजते आणि हातभर लांबीची शेंग होऊन खाली पडते. चिप्पी, काजळा, मरांडी ही याच समाजातील इतर झाडेझुडपे. पांढऱ्या चिप्पीस २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान देण्यात आला.

या सर्वांचे जीवन भरती-ओहोटीवर अवलंबून आहे. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत येते, गाळ व अन्नद्रव्ये आणते आणि परतताना साठलेले मीठ धुऊन नेते. निवटी, चिंबोरी, कोळंबी व बोईट यांची वाढही याच पाण्यावर होते. कोळी बांधवांच्या जाळ्यात येणारी मासळी आणि काठावरील झाडी यांचा संबंध असा थेट आहे.

हानी कशी होते?

कुऱ्हाडीने तोडलेले झाड सर्वांना दिसते. परंतु पुष्कळ ठिकाणी एकही झाड न तोडता रान मरते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मिठागराचा जुना बांध, भरावाचा रस्ता किंवा राडारोड्याचा ढीग भरतीची वाट अडवतो. आत कोंडलेले पाणी उन्हाने आटते व मिठाचे प्रमाण समुद्रापेक्षाही वाढते. याउलट पावसाचे पाणी बाहेर पडू न शकल्यास श्वसनमुळे दीर्घकाळ बुडून राहतात आणि झाडे गुदमरतात. प्लॅस्टिक व भराव मुळांवर साचल्यानेही तोच परिणाम होतो. काही महिन्यांतच हिरवे रान वाळक्या काटक्यांचे होते.

खाडीकाठची अशी पाणथळ जमीन बुजत गेली की अतिवृष्टीच्या पाण्याला पसरण्यास जागा उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांना याचा दाहक अनुभव आला.

पाण्याची वाट मोकळी करणे

तमिळनाडूतील पिचावरम येथे ब्रिटिश अमदानीत सरसकट तोड झाली. उघडी पडलेली जमीन खचून खोलगट झाली, भरतीचे पाणी तेथे अडकून आटू लागले व क्षारामुळे नवे रोप उगवेनासे झाले. पुढे माशाच्या काट्याप्रमाणे मुख्य चर व त्यास जोडलेले उपचर खोदून भरतीची ये-जा सुरू करण्यात आली. त्यानंतर केलेली लागवड यशस्वी झाली.

आयर्लंडसारख्या थंड देशांत केवळ पावसाच्या पाण्यावर पोसलेल्या, शेवाळाच्या थरांनी उंचावलेल्या दलदली आहेत. इंधनासाठी तेथील पीट काढताना चर खोदून पाणी बाहेर सोडले गेले आणि दलदली सुकल्या. त्यांची पुनर्स्थापना करताना तेच चर बांध घालून बुजवतात. आपल्याकडे अडलेले पाणी सोडावयाचे, तेथे सुटलेले पाणी अडवावयाचे. कृती उलट असली तरी तत्त्व एकच आहे. पाणथळ जमिनीस प्रथम तिचे पाणी परत दिले पाहिजे.

म्हणून काम हाती घेण्यापूर्वी पुढीलप्रमाणे पाहणी करावी :

१. जवळच्या निरोगी कांदळवनाची पातळी व आपल्या जागेची पातळी यांची तुलना करावी.

२. खुणेचे खुंट रोवून उधाण व भांग अशा दोन्ही काळांत पाणी कोठवर येते आणि किती वेळ टिकते, याची किमान पंधरवडाभर नोंद ठेवावी.

३. अडथळा कोठे आहे हे निश्चित करावे. भराव काढून, मोरी टाकून अथवा चर साफ करून तो दूर करावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. बांधामागे भातशेती चालू असेल, तर त्या बांधाची व उघाडीची राखण झालीच पाहिजे. खारे पाणी शिरल्यास पुढील हंगामांचेही नुकसान होते. पडीक मिठागर आणि पिकती खारजमीन यांत हा भेद करावा. कोणताही बांध परस्पर फोडू नये. संबंधित खात्यांची परवानगी घ्यावी.

लागवड केव्हा व कशी?

पाणी वाहते झाल्यावर एक हंगाम वाट पाहावी. आसपास मातृवृक्ष असल्यास भरतीबरोबर आलेले बी आपोआप रुजते आणि असे रोप त्या जागेस अधिक मानवते. तसे न झाल्यासच लागवड करावी. पावसाळ्यात चिखलातील खारटपणा कमी झालेला असतो. तो काळ सोयीचा. तिवराचे बी लवकर निकामी होत असल्याने ताजेच पेरावे व रोपवाटिकेतील पिशव्यांत खाडीचाच गाळ भरावा. कांदळाची पक्व शेंग निमुळते टोक खाली करून तृतीयांश लांबीपर्यंत चिखलात खोचावी. एकाच जातीचा मळा न करता स्थानिक जातींचे मिश्रण ठेवावे. प्लॅस्टिक अडकून रोपे आडवी होतात; यास्तव पहिली काही वर्षे सफाई व नांगे भरणे ही कामे नियमित करावीत.

ओहोटीस उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांवर मात्र लागवड करू नये. रोहित पक्षी व किनारी पाणपक्षी तेथेच चरतात. ती जागा मोकळी असणे हेच तिचे आरोग्य होय.

कायदा व जनतेचे साहाय्य

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील कांदळवनतोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने ती कायम केली. २०१२ साली वन विभागाच्या अंतर्गत कांदळवन कक्ष स्थापन झाला. परंतु रात्री टाकलेला राडारोडा किंवा सकाळी बुजलेली मोरी प्रथम दिसते ती काठावरील कोळीवाड्यास व तेथील शेतकऱ्यास. अशी गोष्ट आढळताच ठिकाण व वेळ नोंदवून, शक्य तर छायाचित्रासह, कांदळवन कक्षास अथवा महसूल कचेरीस कळवावी. झाडे वाळण्यापूर्वी मोरी मोकळी झाली, तर पुढील लागवडीचा खर्च व वर्षांची प्रतीक्षा दोन्ही वाचतात.